वनस्पतिज अपशिष्टांपासून विद्रावकांद्वारे इंधननिर्मिती

वनस्पतिज अपशिष्टांपासून विद्रावकांद्वारे इंधननिर्मिती : पीक काढून घेतल्यावर उरणारा भाताचा पेंढा, गव्हाचे काड, मक्याची ताटे, कपाशीच्या पऱ्हाट्या, उसाचा चोथा, तसेच लाकूड कापताना पडणारा भुसा यांसारखे पदार्थ योग्य अशा विद्रावकात (विरघळविणाऱ्या द्रवात) उच्च तापमानास शिजवून त्यांतील घटक एकमेकांपासून सुटे करणे आणि त्यांचे द्रव इंधनात रूपांतर करणे, या क्रियांना हे नाव देता येईल. अशा इंधनांत एथिल अल्कोहॉल (एथॅनॉल) हे सर्वांत महत्त्वाचे आहे. धान्य, उसाचा रस वा मळी यांपासून अल्कोहॉल मिळविणे सोपे असते, कारण त्यांतील शर्करा एक तर मोकळी असते किंवा सहज मोकळी होते. काडाकाटक्यांतही शर्करा विपुल असते. परंतु ती अत्यंत दृढ अशा बांधणीत अडकलेली असते. ही बांधणी कमी खर्चात व शर्करेचा नाश न होऊ देता सैल करणे, हा या क्षेत्रातील मूळ प्रश्न आहे.

कच्च्या मालाची रचना : वनस्पतींच्या कोशिकाभित्ती (पेशींच्या भित्ती) प्रामुख्याने सेल्युलोज, हेमिसेल्युलोज व लिग्निन या तीन बहुवारिकांच्या (लहान रेणू एकमेकांस जोडले जाऊन बनलेल्या प्रचंड रेणूंच्या) बनलेल्या असतात. कोरड्या वजनाच्या सु. ३५–५०% सेल्युलोज, २०–३५% हेमिसेल्युलोज व १०–३०% लिग्निन असते. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजाच्या एककांची सरळ साखळी होय. शेजारशेजारच्या साखळ्या असंख्य हायड्रोजन बंधांनी एकत्र बांधल्या जाऊन घट्ट स्फटिकी तंतू तयार होतात व त्यांत पाणी किंवा एंझाइमे (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणण्यास मदत करणारी प्रथिने) सहजी शिरू शकत नाहीत. हेमिसेल्युलोजाची साखळी आखूड व फाटे फुटलेली असून तिच्यात झायलोजासारख्या पाच कार्बन अणू असलेल्या शर्करा असतात. लिग्निन हे शर्करामय नसून ॲरोमॅटिक वलयांचे बनलेले गुंतागुंतीचे त्रिमितीय बहुवारिक आहे. तंतूंच्या भोवती व त्यांच्यामधील जागेत ते भरलेले असल्याने भिंतीतील विटांना चुना जसा धरून ठेवतो तसे ते तंतूंना धरून ठेवते [→ सेल्युलोज; लिग्निन].

भाताच्या पेंढ्यात यांखेरीज राखेचे प्रमाण बरेच असते आणि तिचा बहुतांश भाग सिलिका असतो. दाहक सोड्यासारख्या क्षारांबरोबर शिजविल्यास सिलिका विरघळते व पुढे बाष्पित्रांत साचून अडथळा आणते. अल्कोहॉल किंवा कार्बनी अम्ले वापरल्यास ती तंतूंतच राहते. पेंढ्यासाठी विद्रावक प्रक्रियेचा विचार होण्याचे हे एक कारण आहे.

ऐतिहासिक आढावा : १८१९ मध्ये आंरी ब्राकॉनो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी तागाच्या चिंध्यांवर संहत सल्फ्यूरिक अम्लाची क्रिया करून शर्करा मिळविली. १८३८ मध्ये आंसेल्म पायेन यांनी सेल्युलोज वेगळे करून ओळखले. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात व दुसऱ्या महायुद्धात जर्मनीमध्ये विरल सल्फ्यूरिक अम्ल वापरणारी शोलर प्रक्रिया व संहत हायड्रोक्लोरिक अम्ल वापरणारी बेर्गियस प्रक्रिया यांनी लाकडापासून शर्करा व अल्कोहॉल तयार करण्यात आले. विरल अम्लाच्या प्रक्रियेस उच्च तापमान लागते व त्यात तयार झालेल्या शर्करेचा काही भाग पुन्हा नष्ट होतो. संहत अम्लाच्या प्रक्रियेत शर्करा चांगली मिळते. पण अम्लाने उपकरणे झिजतात व अम्ल परत मिळविणे अवघड जाते. युद्धकाळातील टंचाईमुळे या प्रक्रिया चालल्या. पुढे स्वस्त खनिज तेलापुढे बहुतेक ठिकाणी त्या टिकल्या नाहीत.

विद्रावकांचा उपयोग प्रथम लिग्निनाच्या अभ्यासासाठी झाला. १८९३ मध्ये स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ पेटर क्लासोन यांनी एथिल अल्कोहॉल व हायड्रोक्लोरिक अम्ल यांच्या साहाय्याने लाकडाचे घटक अलग केले. १९३१ मध्ये क्लाइनर्ट व टायेन्थाल यांनी अल्कोहॉल व पाणी यांच्या मिश्रणात दाबाखाली लाकूड शिजविल्यास लिग्निन विरघळून निघते व तंतू मागे राहतात, असे दाखविले. त्यांचा उद्देश कागदाचा लगदा मिळविणे हा होता. १९७० नंतरच्या दशकात खनिज तेलाची टंचाई भासू लागल्यावर अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ व जनरल इलेक्ट्रिक कंपनी यांनी या तत्त्वाचा इंधननिर्मितीच्या दृष्टीने विचार केला. तेच तंत्र पुढे कॅनडातील कागद उद्योगाने उचलले. न्यू ब्रन्सविक प्रांतातील न्यूकॅसल येथे ‘ॲलसेल’ या नावाने १९८९ मध्ये सुरू झालेला प्रात्यक्षिक कारखाना १९९६ पर्यंत चालला. इंधन, लगदा व पुन्हा इंधन असा हा प्रवास आहे. २००० नंतर वातावरणातील कार्बन डाय-ऑक्साइडाच्या वाढीची जाणीव तीव्र झाल्यावर या संशोधनास नव्याने गती मिळाली.

विद्रावकाचे कार्य : विद्रावक दोन प्रकारे काम करतो. बहुतेक विद्रावक लिग्निन विरघळवितात व सेल्युलोज घन स्वरूपात मागे ठेवतात. काही थोडे विद्रावक सेल्युलोजाचे हायड्रोजन बंधच तोडून खुद्द सेल्युलोज विरघळवितात.

पहिल्या प्रकारात नुसते विरघळविणे पुरेसे नसते. लिग्निनाचा रेणू मोठा व शर्करांशी जोडलेला असल्याने प्रथम त्याचे तुकडे व्हावे लागतात. लिग्निनाच्या एककांना जोडणारे ईथर बंध उष्णता व अम्ल यांनी तुटतात. हेमिसेल्युलोजापासून सुटणारे ॲसिटिक अम्लही या कामी मदत करते. झालेले तुकडे द्रवात टिकून राहावेत यासाठी विद्रावकाची ध्रुवता लिग्निनाशी जुळावी लागते. १९५२ मध्ये कॉनरॅड शुर्च यांनी असे दाखविले की, ज्यांचा विद्राव्यता प्राचल (रेणूंना एकमेकांजवळ धरून ठेवणाऱ्या प्रेरणांचे माप) ११ च्या आसपास असतो आणि ज्यांची हायड्रोजन बंध निर्माण करण्याची क्षमता चांगली असते, असे द्रव लिग्निन उत्तम विरघळवितात. पाण्यासाठी हे मूल्य २३ पेक्षा जास्त व एथिल अल्कोहॉलासाठी १३ च्या जवळ असते. म्हणून लिग्निन पाण्यात विरघळत नाही, अल्कोहॉलाच्या मिश्रणात विरघळते आणि त्या विद्रावात भरपूर पाणी घातले की अवक्षेपाच्या (न विरघळणाऱ्या साक्याच्या) रूपात खाली बसते. लिग्निन वेगळे करण्याची सर्वसामान्य रीत यावरच आधारलेली आहे.

प्रक्रियेचे टप्पे : (१) कच्चा माल तोडून, माती व खडे काढून तो विद्रावकाबरोबर बंद पात्रात तापवितात. अल्कोहॉल व पाणी यांच्या मिश्रणास सु. १६०–२००° से. तापमान लागते व पात्रातील दाब वातावरणीय दाबाच्या वीस ते तीस पटींपर्यंत जातो. (२) मागे राहिलेला सेल्युलोजयुक्त लगदा गाळून ताज्या विद्रावकाने धुतात. प्रथम पाण्याने धुतल्यास लिग्निन तंतूंवरच पुन्हा बसते. (३) द्रवातील विद्रावक ऊर्ध्वपातनाने परत मिळवितात. लिग्निन अवक्षेपित होते व हेमिसेल्युलोजाची शर्करा पाण्यात उरते. (४) लगद्यावर सेल्युलेज एंझाइमांची क्रिया करून ग्लुकोज मिळवितात. यासाठी लागणारी एंझाइमे बहुधा ट्रायकोडर्मा रीसाय या बुरशीपासून मिळवितात. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू कुजू लागले तेव्हा ही बुरशी आढळली. (५) यीस्टच्या साहाय्याने ग्लुकोजाचे किण्वन (आंबविण्याची क्रिया) करून अल्कोहॉल मिळवितात व त्यातील पाणी काढून टाकतात. नेहमीचे यीस्ट झायलोज आंबवू शकत नाही. त्यासाठी जननिक बदल केलेले यीस्ट लागते [→ किण्वन].

सेल्युलोजाच्या १ किग्रॅ.पासून १·११ किग्रॅ. ग्लुकोज व त्यापासून सैद्धांतिक दृष्ट्या सु. ०·५७ किग्रॅ. अल्कोहॉल मिळते. पेंढ्यात ३५% सेल्युलोज धरल्यास एका टनामागे सु. २५० लि. हा केवळ सेल्युलोजापासून मिळू शकणाऱ्या अल्कोहॉलाचा कमाल आकडा होय. प्रत्यक्ष उत्पादन यापेक्षा बरेच कमी असते.

विद्रावकांचे प्रकार : अल्कोहॉले : एथिल अल्कोहॉल हे स्वस्त, कमी विषारी व कारखान्यातच तयार होणारे असल्याने सर्वाधिक वापरले गेले. त्याच्या साहाय्याने मिळणारे लिग्निन गंधकरहित व शुद्ध असते. मिथिल अल्कोहॉलही चालते. परंतु ते विषारी आहे.

कार्बनी अम्ले : फॉर्मिक व ॲसिटिक अम्ले लिग्निन व हेमिसेल्युलोज ही दोन्ही विरघळवितात. ती स्वतःच उत्प्रेरकाचे (विक्रियेची गती वाढविणाऱ्या पदार्थाचे) काम करीत असल्याने तुलनेने कमी तापमान व दाब पुरतो. ती धातूंचे संक्षारण करीत असल्याने खास मिश्रधातूंची पात्रे लागतात. सेल्युलोजावर या अम्लांचे गट चिकटून राहतात व ते काढून टाकल्याखेरीज एंझाइमांची क्रिया नीट होत नाही.

पाण्यात मिसळणारे ईथर व लॅक्टोन : २०१३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील शाखेत चार्ल्स काय व चार्ल्स वायमन यांनी टेट्राहायड्रोफ्युरान, पाणी व विरल सल्फ्यूरिक अम्ल यांचे मिश्रण वापरण्याची पद्धत पुढे आणली. हा विद्रावक ६६° से.ला उकळत असल्याने तो सहज परत मिळतो. लिग्निन जवळजवळ संपूर्ण निघून गेल्यामुळे महागडी एंझाइमे अगदी थोडी पुरतात. मात्र उरलेल्या अंशाने यीस्टला विषबाधा होते आणि हवेच्या सान्निध्यात यापासून स्फोटक पेरॉक्साइडे तयार होऊ शकतात. २०१४ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातील जेम्स ड्युमेसिक, जेरेमी लुटरबाकर व त्यांचे सहकारी यांनी गॅमा-व्हॅलेरोलॅक्टोन, पाणी व अत्यल्प सल्फ्यूरिक अम्ल वापरून एंझाइमांवाचूनच ७०–९०% शर्करा मिळविली. हा विद्रावक वनस्पतिज शर्करांपासूनच तयार करता येतो. त्याचा उकळबिंदू २०७° से. असल्याने तो उकळवून काढणे परवडत नाही. म्हणून द्रवरूप कार्बन डाय-ऑक्साइडाच्या साहाय्याने तो शर्करेच्या विद्रावातून ओढून घेतात.

आयनी द्रव : हे सामान्य तापमानास किंवा १००° से.च्या खाली द्रवरूप असणारे लवण पदार्थ होत. १९३४ मध्ये चार्ल्स ग्रेनाकर यांनी पिरिडिनाच्या लवणांत सेल्युलोज विरघळते, असे एकस्वात (पेटंटात) नमूद केले होते. परंतु त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. २००२ मध्ये ॲलाबॅमा विद्यापीठातील रॉबिन रॉजर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी इमिडॅझोलाच्या एका क्लोराइड लवणात सेल्युलोज मोठ्या प्रमाणात विरघळते, असे दाखविले. यातील क्लोराइड आयन सेल्युलोजाच्या हायड्रॉक्सिल गटांशी स्वतः बंध करतात व साखळ्या सुट्या होतात. पाणी घालताच सेल्युलोज पुन्हा घन होते. पण आता ते स्फटिकी नसल्याने एंझाइमे त्याचे झपाट्याने विघटन करतात. आयनी द्रवांचा बाष्पदाब नगण्य असल्याने ते हवेत उडून जात नाहीत. मात्र त्यांची किंमत जास्त असते, त्यांपैकी अनेक एंझाइमांना निष्क्रिय करतात आणि त्यांत मिसळलेले सर्व पाणी उकळवून काढावे लागते.

सुद्राव मिश्रणे : दोन घन पदार्थ ठराविक प्रमाणात मिसळले असता त्यांचा वितळबिंदू खूप खाली येऊन द्रव तयार होतो. २००३ मध्ये लेस्टर विद्यापीठातील अँड्रू ॲबट व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलीन क्लोराइड (वितळबिंदू ३०२° से.) व यूरिया (१३३° से.) यांचे १२° से.ला वितळणारे मिश्रण वर्णिले. कोलीन क्लोराइड व लॅक्टिक अम्ल यांचे अशाच प्रकारचे मिश्रण लिग्निन विरघळविते. ही मिश्रणे स्वस्त घटकांची असली, तरी दाट असल्याने त्यांचे मंथन व गाळणी कष्टाची होते.

विद्रावकाची पुनःप्राप्ती व ऊर्जेचा हिशोब : कोणता विद्रावक किती लिग्निन काढतो, यापेक्षा तो किती पूर्णपणे व किती कमी उष्णतेत परत मिळतो, यावर प्रक्रियेचे यश ठरते. समजा, एक टन पेंढ्याला दहा टन द्रव लागला आणि त्यात निम्मे एथिल अल्कोहॉल आहे. म्हणजे एक टन पेंढ्यामागे ५,००० किग्रॅ. अल्कोहॉल प्रक्रियेत फिरते. पेंढ्यापासून मिळणारे अल्कोहॉल १५० लि., म्हणजे सु. ११८ किग्रॅ. धरले, तर दर फेरीत विद्रावकाची २·४% गळती झाली तरी सगळे उत्पादन तिची भरपाई करण्यातच संपते.

उष्णतेचा हिशोब याहून कठोर आहे. १ किग्रॅ. अल्कोहॉलाच्या बाष्पीभवनास सु. २०० किलोकॅलरी लागतात. म्हणजे ५,००० किग्रॅ. अल्कोहॉल एकदा उकळविण्यास १० लाख किलोकॅलरी लागतील. उलट, उत्पादित ११८ किग्रॅ. अल्कोहॉल जाळून मिळणारी उष्णता सु. ७·५ लाख किलोकॅलरी इतकीच भरते. म्हणून द्रवाचे प्रमाण कमी ठेवणे, शिजविण्याच्या पात्रातील दाब सोडताना निघणारी वाफ वापरणे, एका बाष्पित्रातील वाफेने पुढील बाष्पित्र तापविणे, हे उपाय येथे ऐच्छिक नसून त्यांवाचून इंधन म्हणण्याजोगे काही हाती लागत नाही. प्रयोगशाळेतील उत्तम निष्पत्तीचे आकडे वाचताना द्रव व घन यांचे प्रमाण आणि परत मिळालेल्या विद्रावकाचा वाटा हे दोन आकडे प्रथम पाहावेत, ते याचसाठी.

हे अशक्य नाही, याचे उदाहरण वस्त्रोद्योगात आढळते. लायोसेल तंतूंच्या निर्मितीत सेल्युलोज ज्या अमाइन ऑक्साइडात विरघळवितात, त्याचा ९९ टक्क्यांहून अधिक भाग परत मिळविला जातो. मात्र तेथे कच्चा माल शुद्ध लगदा असतो व तंतूला भाव चांगला मिळतो. पेंढ्याबरोबर माती, राख व मेणे येतात आणि इंधन स्वस्त विकावे लागते.

लिग्निनाचा उपयोग : लिग्निन जाळून कारखान्याला लागणारी उष्णता मिळविता येते. परंतु त्यापासून रेझिने, आसंजके (चिकटविणारे पदार्थ) किंवा ॲरोमॅटिक रसायने मिळाल्यास इंधनाचा उत्पादनखर्च भरून निघण्यास मदत होते. अडचण अशी की, अम्लात तापविले असता लिग्निनाचे सुटलेले तुकडे पुन्हा एकमेकांशी न तुटणाऱ्या कार्बन–कार्बन बंधांनी जोडले जातात. यावर दोन उपाय निघाले आहेत. पहिल्यात अल्कोहॉलात शिजवितानाच धातूचा उत्प्रेरक व हायड्रोजन वापरून तुकडे स्थिर करतात. बेल्जियममधील लव्हेन विद्यापीठातील बर्ट सेल्स यांच्या गटाने या दिशेने बरेच कार्य केले. दुसऱ्यात फॉर्माल्डिहाइड मिसळून क्रियाशील जागा झाकतात. ही रीत लुटरबाकर यांच्या स्वित्झर्लंडमधील गटाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केली. या पद्धतींत इंधन व रसायने यांना सारखेच महत्त्व असते.

भारतातील स्थिती : पंजाब व हरियाणात भाताची कापणी व गव्हाची पेरणी यांमध्ये थोडाच अवधी मिळत असल्याने पेंढा शेतातच जाळला जातो व ऑक्टोबर–नोव्हेंबरात उत्तर भारताची हवा दूषित होते. महाराष्ट्रातील उसाचा चोथा मात्र बहुतांशी अपशिष्ट राहिलेला नाही. साखर कारखाने तो बाष्पित्रांत जाळून स्वतःची गरज भागवितात व वीजही विकतात. ज्वारीचा कडबा गुरांचा चारा आहे. त्यामुळे येथे अशा उद्योगाचा विचार कपाशीच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या व उसाचे पाचट यांच्या संदर्भातच करणे योग्य ठरेल. हा माल हलका, विखुरलेला व वर्षातील थोड्याच आठवड्यांत मिळणारा असल्याने गोळा करणे, गठ्ठे बांधणे व साठविणे यांचा खर्च विचारात घ्यावा लागतो.

मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतील ऊर्जा जीवविज्ञान केंद्राच्या तंत्रावर आधारलेला, दिवसाला १० टन माल वापरणारा प्रात्यक्षिक कारखाना २०१६ मध्ये उत्तराखंडातील काशीपूर येथे उभा राहिला. २०१८ च्या राष्ट्रीय जैव इंधन धोरणात काडापासूनच्या अल्कोहॉलास उत्तेजन देण्यात आले. हरियाणातील पानिपत येथे पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीज या कंपनीच्या तंत्रावर आधारलेला इंडियन ऑइलचा कारखाना १० ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्राला अर्पण करण्यात आला. वर्षाला सु. २ लाख टन पेंढ्यापासून सु. ३ कोटी लि. अल्कोहॉल, म्हणजे टनामागे १५० लि., अशी त्याची आखणी आहे. हे कारखाने कार्बनी विद्रावक वापरणारे नाहीत. विद्रावक प्रक्रियेचे मोठे भारतीय उदाहरण आसामातील नुमालीगढ येथे आहे. तेथे फिनलंडच्या केम्पोलिस कंपनीच्या तंत्राने फॉर्मिक व ॲसिटिक अम्लांच्या साहाय्याने बांबूपासून अल्कोहॉल मिळविण्याची योजना असून अल्कोहॉलाबरोबर फुरफुराल व ॲसिटिक अम्ल ही उपउत्पादने मिळतात. या कारखान्याचे उद्‌घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले. वर्षाला सु. ५ लाख टन हिरवा बांबू व सु. ४९,००० टन अल्कोहॉल अशी त्याची क्षमता आहे. बांबू हे अपशिष्ट नव्हे, पीक आहे. परंतु त्याची कोशिकाभित्ती व तीवरील विद्रावकाची क्रिया पेंढ्याहून तत्त्वतः वेगळी नाही.

धोके व मर्यादा : बहुतेक विद्रावक ज्वालाग्राही असून ते उच्च दाबाखाली वापरले जातात, म्हणून गळतीशोधन, ठिणगीरहित विद्युत् साहित्य व बंद गाळणयंत्रे यांची आवश्यकता असते. सांडपाण्यातून विद्रावक बाहेर गेल्यास आर्थिक हानीबरोबर प्रदूषणही होते. तसेच शेतातील सर्व काड उचलणे हितावह नसते; काही भाग जमिनीत राहिला, तरच तिच्यातील सेंद्रिय द्रव्य टिकते. म्हणून जे काड एरवी शेतातच जाळले जाते, तेच या उद्योगाचा कच्चा माल म्हणून सर्वांत योग्य मानले जाते.